लेणे पाहावे कसे? : कलेतिहासाच्या विद्यापीठीय अभ्यासाविषयी थोडेसे

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या अभ्यासवर्गात पालकांची व विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. कोणाला नर्सिंगची माहिती हवी असते, कोणाला आय.टी.आय.ची, कोणाला स्पर्धा परीक्षांची. या प्रश्नांची उत्तरे आम्हाला आता तोंडपाठ झाली आहेत. परंतु काही वर्षांपूर्वी एका मुलीने विचारलेल्या प्रश्नाने आम्ही सर्वच जण निरुत्तर झालो. तिचे आईवडील द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला जाणारे. ती स्वतः कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, "काका, आपण दर वर्षी त्रिरश्मीला जातो. त्या लेण्यांचाच अभ्यास करायचा, असं कुठं कॉलेज असतं का?"

तिच्या वडिलांनी लगेच सांगितले, की ड्रॉइंग काढून पोट भरत नाही. आम्हीही मान डोलावली. हे आज कबूल केले पाहिजे, कारण विषयाची माहिती नसताना सल्ला देण्याचा तो प्रकार होता. पुढे ती मुलगी बडोद्याला गेली, तेथे कलेतिहास शिकली आणि एका दिवाळीच्या सुट्टीत तिनेच आम्हाला त्रिरश्मी लेणी दाखवली. आजवर इतक्या वेळा चढलेला डोंगर आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्या अनुभवातून आणि त्यानंतर केलेल्या वाचनातून जे हाती लागले, ते आमच्या सभासदांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कलेतिहास म्हणजे चित्रकला नव्हे. हात चांगला चालत नसला तरी हा विषय शिकता येतो. तसेच राजांच्या याद्या आणि लढायांच्या सनावळ्या म्हणजेही कलेतिहास नव्हे. मूर्ती, चित्र, इमारत, नाणे, कापड, भांडे अशी माणसाने घडवलेली वस्तू समोर ठेवायची आणि तिला प्रश्न विचारायचे. ही कशाची केली? कोणी केली, पैसा कोणी दिला, कोणासाठी दिला? आधी काय होते, नंतर कोणी काय बदलले? या प्रश्नांची उत्तरे वस्तूतूनच आणि तिच्याशी जुळणाऱ्या इतर पुराव्यांतून शोधायची. मनाला वाटले म्हणून लिहायचे नाही, हा या विषयाचा पहिला नियम. तो पाळणे किती जड जाते हे आम्ही पुढे सांगणारच आहोत.

दिंडोरीहून नाशिक सुमारे पंचवीस किलोमीटर. वाटेत म्हसरूळला डाव्या-उजव्या बाजूचे डोंगर पाहत आपण जातो. तेथील चांभार लेणी जैन परंपरेची आहेत आणि त्रिरश्मीच्या कितीतरी शतके नंतरची आहेत, हेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. नाशिक ओलांडून मुंबई रस्त्याने सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मीचा डोंगर. शिलालेखांत त्याचे नाव 'तिरण्हु' असे येते. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. डोंगरात कोरलेले काही दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत केले असे सांगण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, तिला फार रागावण्याचे कारण नाही. येथे चोवीस लेणी आहेत आणि त्यांतील लेखांनी ती कोणी दिली हे दगडावरच लिहून ठेवले आहे. पांडवांचा त्यांत कोठेही उल्लेख नाही.

त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे थेट चैत्यगृहाकडे निघालो, तेव्हा त्या मुलीने आम्हाला तिसऱ्या लेण्यासमोर थांबवले. "आधी काही बोलायचं नाही, दहा मिनिटं नुसतं पाहायचं," ती म्हणाली. दहा मिनिटे हा फार मोठा काळ असतो, हे तेव्हा कळले. प्रथम काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागले. व्हरांड्याच्या खाली सहा धिप्पाड यक्ष अर्धे जमिनीतून वर आलेले आहेत आणि संपूर्ण लेणे जणू त्यांनी खांद्यावर पेलले आहे. खांबांच्या माथ्यावर प्राणी बसवले आहेत. दाराची चौकट मूर्तींनी भरलेली आहे. आत मोठे दालन, कडेने अठरा खोल्या, आणि मागच्या भिंतीवर अर्धउठावात कोरलेला स्तूप, दोन्ही बाजूंना स्त्रीमूर्ती.

मग तिने आम्हाला दहाव्या लेण्यात नेले आणि पुन्हा तेच करायला लावले. बरेचसे सारखेच! तसाच व्हरांडा, तसेच प्राणी, तसेच चौकोनी दालन. पण खांबांचा माथा पाहा, ती म्हणाली. दहाव्या लेण्यातील खांबांच्या माथ्यावरची घंटा पुरती, डौलदार आहे. तिसऱ्या लेण्यात तीच घंटा आखूड झाली आहे, तिचा घंटेचा आकारच हरवत चालला आहे. कार्ल्याचे खांब पाहिलेल्यांना हा क्रम अधिक स्पष्ट दिसतो. कारागीर एखादा आकार जुन्या कामावरून घेतो, तेव्हा तो हळूहळू बदलतो, आणि त्या बदलावरून आधीचे कोणते व नंतरचे कोणते हे सांगता येते. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० साली भारतातील लेण्यांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात याच प्रकारच्या तुलनेवर भर आहे. या पद्धतीला शैलीचा अभ्यास म्हणतात. पुस्तकात ही व्याख्या वाचली असती तर आम्ही ती विसरलो असतो. दोन लेण्यांच्या मधल्या पायवाटेवर ती कळली ती कायमची.

पण शैली एकटी पुरेशी नसते. तिच्या जोडीला लेख लागतो. दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दिले, तिसरे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, आपला नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, भदायनीय (भद्रयानीय) शाखेच्या भिक्षुसंघाला दिले. नहपान आधी आणि गौतमीपुत्राने त्याचा पराभव केला, म्हणजे खांबांनी जे सांगितले तेच लेखांनीही सांगितले. आणि तिसरा साक्षीदार जमिनीखाली होता. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचे नाणे वितळवायचे नाही, त्याच्याच चेहऱ्यावर आपली खूण उमटवायची! खांब, लेख आणि नाणे असे तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पुरावे एका दिशेला बोट दाखवतात, तेव्हा इतिहासकार विधान करण्याचे धाडस करतो. नाण्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांना दूर जावयासही नको. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेथे नाण्यांचे संग्रहालयही आहे.

दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखाविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आमच्यातील एका बँकेत नोकरी केलेल्या सभासदांना तो फार आवडला. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कोष्ट्यांच्या व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. आता हिशेब करा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. एक कार्षापणही इकडचा तिकडे नाही. ज्या विणकरांनी कापड विणायचे त्यांच्याकडेच ठेव. गोवर्धन हे गाव आज गंगापूरजवळ आहे. पुढील काळात आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने अशाच ठेवी ठेवल्या त्या आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे. कला म्हणजे केवळ सौंदर्य असे मानणाऱ्याला या भिंती पतपेढीच्या खातेवहीसारख्या वाटतील. आम्हाला त्यामुळे त्या अधिक सुंदर वाटल्या.

आता आमच्या चुकीची गोष्ट.

दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर भैरवाची आकृती आहे. ती दाखवून आम्ही वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो, की येथे बुद्धमूर्ती होती, ती फोडून भैरव केला. आमच्या आधीच्या मंडळींनी आम्हाला तसेच सांगितले होते. त्या मुलीने विचारले, "काका, बुद्धमूर्ती होती हे कशावरून?" आम्ही म्हणालो, त्यात काय विचारायचे! तिने आम्हाला परत तिसऱ्या लेण्यात नेले, भिंतीवरचा स्तूप दाखवला, आणि पुन्हा दहाव्यात आणून भैरवाच्या भोवती उरलेल्या छत्रांच्या खुणा दाखवल्या. दोन्ही भिंती एकाच आराखड्याच्या आहेत. म्हणजे येथे स्तूप कोरलेला होता, आणि नंतर कोणीतरी तोच कोरून भैरव केला. रूपांतर झाले ही गोष्ट खरी. परंतु बुद्धमूर्ती फोडली हे आमचे म्हणणे चूक.

इतक्यावर ती थांबली नाही. ही लेणी प्रथम कोरली गेली तेव्हा त्यांत बुद्धमूर्ती नव्हतीच, असे तिने सांगितले. अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, स्तूप आहे. पिंपळपानासारखी मोठी कमान, दारावरची नक्षी, डाव्या बाजूला उभा यक्ष हे सर्व आहे. बुद्धाची मूर्ती नाही. त्या काळी तथागतांचे अस्तित्व स्तूप, बोधिवृक्ष, धर्मचक्र, पदचिन्हे यांतून दाखवीत. मूर्ती आल्या त्या पुढच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, जेव्हा दुसरे, विसावे आणि तेविसावे अशी लेणी नव्याने सजवली किंवा वाढवली गेली. विसाव्या लेण्यातील पाय खाली सोडून बसलेली भव्य बुद्धमूर्ती आणि तेविसाव्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प हे त्या काळचे.

आमच्यासोबत आलेले एक वृद्ध उपासक यावर बरेच अस्वस्थ झाले. "मग आम्ही इतकी वर्षं चैत्यात वंदन केलं ते कुणाला, पोरी?" ती म्हणाली, "आजोबा, स्तूपाला. दोन हजार वर्षांपूर्वीचा उपासकही तिथंच वाकत होता." ते काही वेळ बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनीच आम्हाला सांगितले, की पुढच्या वर्षी मुलांना बरोबर ते सांगा.

याहून अवघड प्रसंग पुढेच होता. गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाची स्तुती आहे. आपल्यातील काही जण सातवाहनांना सरसकट बौद्ध राजे म्हणतात. पण या लेखात गौतमीपुत्राला अद्वितीय ब्राह्मण म्हटले आहे आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली हे त्याचे भूषण म्हणून सांगितले आहे. बौद्ध भिक्षूंना दिलेल्या विहारावर, त्या विहाराच्या दात्रीने, वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान कोरला आहे! उषवदातही तसाच. त्याच्या लेखात भिक्षूंना दिलेल्या लेण्याबरोबर ब्राह्मणांना दिलेल्या हजारो गायी, गावे आणि भोजने यांची यादी आहे. हे वाचून आमच्यातील एक तरुण म्हणाला, की अशा गोष्टी मुलांना सांगू नयेत. आमचे मत निराळे आहे. हे वाक्य आपण वाचले नाही तर दुसरा कोणीतरी वाचून दाखवील, आणि तेव्हा आपली मुले गोंधळतील. जातिव्यवस्थेचे मूळ शोधण्यासाठी बाबासाहेबांनी जुने ग्रंथ उघडले, मिटले नाहीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीविषयीचा निबंध वाचताना ते पंचवीस वर्षांचे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

आणि लेख पुरते वाचले तरच दुसरी बाजूही सापडते. राजांची दोन मोठी लेणी सोडून जरा बाजूला जा. आठवे लेणे लहान आहे, सहलीला आलेले लोक तेथे क्वचितच थांबतात. ते मुगूदास नावाच्या माणसाने कुटुंबासह दिले आहे, आणि लेखात तो स्वतःला 'दासक' म्हणवतो. अभ्यासकांनी याचा अर्थ मासेमार असा लावला आहे. सहावे लेणे वीर नावाच्या व्यापाऱ्याचे. त्यातील एक खोली त्याच्या पत्नीने, नंदश्रीने, आणि एक मुलीने, पुरुषदत्तेने, दिल्याची नोंद आहे. सातवे एका भिक्षुणीचे दान. अकरावे शिवमित्र नावाच्या लेखकाच्या, म्हणजे कारकुनाच्या, मुलाचे. त्याच लेण्यात नंतरच्या काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. सतरावे उत्तरेकडून आलेल्या एका यवनाने, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने दिले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक या गावाने दान दिल्याचे लिहिले आहे. अख्ख्या गावाने! ग्रामपंचायतीची कमान उभी करायला वर्गणी मागत फिरलेल्या माणसाला या एका ओळीमागची खटपट कळेल.

दासक मुगूदास आणि महादेवी बलश्री एकाच डोंगरात शेजारी आहेत. हे पुस्तकात नाही, डोंगरातच आहे, आणि ते वाचायला ब्राह्मी लिपी व प्राकृत भाषा यावी लागते. येथे आमच्या मुलांना एक फायदा आहे, तो त्यांनी ओळखावा. ज्यांना लहानपणापासून त्रिसरण-पंचशील पालीत पाठ आहे, त्यांना या लेखांतील प्राकृत परके वाटत नाही. 'संघ', 'उपासक', 'चातुदिस' (चारी दिशांचा) हे शब्द पाहताच ओळखीचे वाटतात. लेखांत गुहेला 'लेण' म्हटले आहे. आपण आजही लेणे म्हणतो. ब्राह्मीची अक्षरे थोडी आहेत. मनावर घेतले तर दोन-तीन आठवड्यांत ती ओळखता येतात. नाशिकचे लेख एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांनी वाचून अभ्यासले; १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्यांचे काम आले आहे. मराठीत वाचू इच्छिणाऱ्यांसाठी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासावरील आणि कोरीव लेखांवरील ग्रंथ आहे. जिल्हा ग्रंथालयात तो मागून पाहावा.

नुसते पाहणे पुरत नाही, नोंद करावी लागते, याचे एक उदाहरण अजिंठ्याचे आहे. १८१९ साली इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती लेणी पडली. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने तेथे वर्षानुवर्षे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८६६ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा केले. त्यांतील बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. दोनदा केलेले काम दोनदा जळाले. तरीही ग्रिफिथ्सचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला, आणि मूळ भिंतीवरचा रंग पुढे जेथे जेथे गळून पडला, तेथे पूर्वी काय होते हे समजायला अशा नोंदीच उपयोगी पडतात. प्रतिकृती करणाऱ्या त्या विद्यार्थ्यांत आपल्याकडील मुले होती, हे विसरू नये. आमच्या मुलीची वही पाहिली तेव्हा आम्हाला त्यांचीच आठवण झाली. खांबाचा घेर, पायरीची उंची, ओट्याची रुंदी, सर्व मापे सेंटिमीटरमध्ये. चित्र मात्र अगदी साधे, शाळकरी वाटावे असे.

आता विद्यापीठांविषयी. आमच्या भागातून जाणाऱ्यांना बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ तसे सोयीचे आहे. १९५० साली तेथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि तिच्यात कलेतिहास व सौंदर्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे; पदवी व पदव्युत्तर दोन्ही शिक्षण मिळते. ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, त्यांचेच नाव या विद्यापीठाला आहे. आणि शिक्षण घेऊन नोकरीसाठी परतलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली त्याच शहरात राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा ते ज्या बागेत बसले, त्या सयाजीबागेतच १८९४ साली स्थापन झालेले बडोद्याचे संग्रहालय आहे. कलेतिहासाचा विद्यार्थी त्या संग्रहालयात वारंवार जातो. ही गोष्ट आमच्या मुलीने पत्रात एका ओळीत लिहिली होती, त्यावर टिपणी केली नव्हती. आम्हीही करीत नाही.

ज्यांना उत्खनन, लेख, मूर्तिशास्त्र यांकडे ओढ आहे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा विचार करावा. १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. याच संस्थेच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५०-५१ मध्ये नाशिकला व जोर्वे येथे उत्खनन केले, आणि गोदाकाठच्या वस्तीचा इतिहास लेण्यांच्याही मागे कितीतरी नेऊन ठेवला. तेथे कोणत्याही शाखेचा पदवीधर एम.ए.साठी अर्ज करू शकतो. मुंबई व पुणे विद्यापीठांत पालीचे, प्राचीन भारतीय संस्कृतीचे शिक्षण मिळते. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कला व सौंदर्यशास्त्राचा विभाग आहे. प्रत्यक्ष चित्र किंवा शिल्प शिकणाऱ्यांना मुंबईच्या जे. जे. मध्ये (स्थापना १८५७, २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा) कलेतिहास हा अभ्यासाचा भाग असतो. प्रवेशपरीक्षा, जागा व शुल्क दर वर्षी बदलतात, म्हणून ती माहिती त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातूनच घ्यावी. कोणाच्या सांगण्यावर, आमच्याही, विसंबू नये.

नोकरीचे काय? पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊन भागणार नाही. जागा थोड्या आहेत. संग्रहालये, केंद्र व राज्याचे पुरातत्त्व विभाग, कलामहाविद्यालयांतील अध्यापन, जुन्या वास्तूंचे जतन करणाऱ्या संस्था, पर्यटन, ग्रंथप्रकाशन अशी क्षेत्रे आहेत. अध्यापनासाठी नेट परीक्षा द्यावी लागते. एम.ए. झाले की दुसऱ्या महिन्यात पगार सुरू, असे या विषयात होत नाही. आमच्या मुलीलाही मध्ये दीड वर्ष शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्या घरी पुढच्याच वर्षी पगाराची गरज आहे, तेथे मुलाने आधी पोटाची सोय पाहावी आणि हा विषय सवडीने शिकावा, असे सांगण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. परंतु ज्याला या विषयाची खरी तहान आहे, त्याला "आपल्यासारख्यांचं हे काम नाही" असे मात्र कोणी सांगू नये. आम्ही ते एकदा जवळजवळ सांगितले होते.

पैशाची अडचण असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या सवलतींत समावेश झाला, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती व केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. या एका कागदापायी वर्ष गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

इंग्रजीची भीती खरी आहे. या विषयातील बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. आमच्या मुलीने पहिले सहा महिने शब्दकोश शेजारी ठेवून रोज दोन पाने वाचली, त्याहून अधिक नाही. दुसऱ्या वर्षी ती वर्गात बोलू लागली. तिचे म्हणणे असे, की ज्यांचे इंग्रजी चांगले होते त्यांतील अनेकांनी लेणे कधी पाहिले नव्हते, आणि तिने ते पाचव्या वर्षापासून पाहिले होते.

या वर्षीची त्रिरश्मीची सहल पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरची छाटणी उरकल्यावर ठेवली आहे, म्हणजे बागेत काम करणाऱ्या पालकांनाही येता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने एक कोरी वही, पेन्सिल आणि शिवणकामाची माप-पट्टी आणावी. मेणबत्त्या, अगरबत्ती, रंग आणू नयेत. धुराने दगड काळा पडतो, आणि ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. फुले वाहायची ती पायथ्याशी. अक्षरांवर खडूने गिरवू नये, बोटही फिरवू नये. या वेळी सुरुवात तिसऱ्या किंवा अठराव्या लेण्यापासून न करता मुगूदासाच्या आठव्या लेण्यापासून करायची आहे. तेथे जागा थोडी आहे, तेव्हा दहा-दहा जणांचे गट करावे लागतील.